विंगेतला आवाज

पद्मजानं तव्यावरची भाकरी उलटली आणि ओट्यापासूनच विचारलं, "श्रेणिक, सकाळची गोळी घेतलीस?"

"घेतली की," बाहेरच्या खोलीतून त्याचा आवाज आला.

"पाण्याबरोबर?"

"पाण्याबरोबरच. तू तुझी भाकरी बघ, करपेल."

हे त्याचं नेहमीचं. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली तरी भाकरी करपण्याची काळजी ती भाजणाऱ्या बायकोपेक्षा खाणाऱ्या नवऱ्यालाच जास्त. ती स्वतःशी हसली आणि काम करता करता बोलत राहिली. सोमवारी ऑपरेशन, त्याआधी निपाणीहून नणंद यायची, तिचं अंथरूण वरच्या खोलीत घालावं की खाली, असं काहीबाही. बाहेरून "हं", "बरं", "खालीच घाल, तिचे गुडघे दुखतात" अशी उत्तरं येत होती. सगळी उत्तरं अगदी बरोबर होती. ताट वाढून ती बाहेर आली.

खुर्ची रिकामी होती.

टीपॉयवर त्याची डबी होती, रोज छातीवर लटकवायचा तो काडेपेटीएवढा स्पीकर. शेजारी नॅपकिनवर गळ्याला चिकटवायची सेन्सरची पट्टी काढून नीट गुंडाळून ठेवलेली. बाथरूममधून बादलीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. गोळी वाटीत होती तशीच होती.

ताटातली आमटीची वाटी किणकिणली.

"आण की लवकर," डबी श्रेणिकच्या आवाजात म्हणाली, "भूक लागलीय."

ती डबी तिनंच बनवली होती, तिच्यातल्या प्रोग्रॅमची ओळ न् ओळ तिच्या हातची होती, पण त्या घडीला पुढं होऊन ती बंद करायचा तिला धीर होईना. ती ताट घेऊन तशीच उभी राहिली आणि डबी पुन्हा काही बोलू नये म्हणून तिनं श्वाससुद्धा दाबून धरला.

पद्मजा मगदूमचं सगळं आयुष्य आवाजाच्या मागं गेलं होतं. दिवसा ती मिरजेच्या एका कंपनीत आवाजाचं सॉफ्टवेअर लिहायची आणि संध्याकाळी सांगलीतल्या एका हौशी नाट्यसंस्थेत प्रॉम्प्टिंग करायची. प्रॉम्प्टिंग ही काही मिरवायची कला नव्हे. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, हातात बारकी बॅटरी, आणि नट अडला की त्याच्यापुरतं ऐकू जाईल असं वाक्य टाकायचं. त्यातली खरी गोम एवढीच, की नट गप्प झाला तर तो मुद्दाम थांबलाय की विसरलाय, हे ओळखायचं. मुद्दाम थांबलेल्याला वाक्य दिलं तर प्रसंगाचा विचका होतो, आणि विसरलेल्याला दिलं नाही तर नाटकाचा.

श्रेणिक त्या संस्थेचा हुकमी नट होता. शाळेत भूगोल शिकवायचा आणि पाठांतराच्या नावानं आनंदी आनंद होता. मात्र पद्मजाचं वाक्य आलं की तो ते असं उचलायचा, जणू ते त्याच्याच काळजातून आलंय. एकदा स्पर्धेच्या प्रयोगात तेलकट बोटांनी तिच्याकडून दोन पानं एकदम उलटली गेली आणि तिनं थेट तिसऱ्या अंकातलं वाक्य दिलं, "मग बाबांना अग्नी कुणी दिला?" नाटकातले बाबा समोर हातात काठी घेऊन धडधाकट उभे होते. श्रेणिकनं त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून ते वाक्य टाकलं. बाबा आपल्याच मरणाची वार्ता ऐकून खुर्चीत बसले आणि नाट्यगृह हसून लोटपोट झालं. नंतर पद्मजा रडकुंडीला आली तेव्हा तो म्हणाला, "तू दिलंस, मी उचललं. तुझ्या वाक्यापुढं माझं डोकं चालतंय होय?" त्याच वर्षी त्यांनी लग्न केलं.

आणि अशा माणसाचा घसा गेला. तंबाखूला कधी न शिवलेल्या, सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या श्रेणिकला स्वरयंत्राचा कॅन्सर झाला. स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला श्वासासाठी छिद्र राहिलं आणि घरात पाटीवर खडूनं लिहिण्याचा तेवढा कुरकुर आवाज उरला. पद्मजानं कंपनीतलं बाकीचं काम बाजूला सारलं आणि नवऱ्याच्या आवाजाला हात घातला.

आवाज म्हणजे पंगत, असं ती कंपनीत नव्यानं येणाऱ्यांना सांगायची. स्पीकर हा जेवायला बसलेला भुकेला माणूस. दर पाच मिलिसेकंदांनी त्याच्या पानात आवाजाचा एक घास पडलाच पाहिजे. पान रिकामं दिसलं की टक् असा आवाज येतो आणि शब्द तुटतो. आपला लूप, म्हणजे प्रोग्रॅमची न थांबता फिरणारी फेरी, हा वाढपी. तो प्रत्येक फेरीला स्वयंपाकघराच्या दारात डोकावतो, काही नवीन आलंय का बघतो. आलं असेल तर उचलायचं, नसेल तर हातात आहे ते घेऊन पंगतीकडं वळायचं. दारात थांबायचं नाही. "जरा थांबा, भात उतरतोय," असं आतून कुणी म्हटलं तरी थांबायचं नाही, कारण जेवणारा थांबत नाही.

श्रेणिकच्या बाबतीत स्वयंपाकघर म्हणजे त्याच्या गळ्यावरची पट्टी. माणूस बोलू लागला, आवाज नसला तरी नुसते ओठ हलवू लागला, की जिभेच्या आणि जबड्याच्या स्नायूंत बारीकशी वीज खेळते. पट्टी ती टिपायची आणि बिनतारी डबीकडं पाठवायची. डबीतला लूप दर फेरीला विचारायचा, नवीन खूण आली का? आली की तिच्यावरून श्रेणिकच्या जुन्या आवाजातला पुढचा तुकडा तयार करायचा.

पहिल्या डबीत नियम साधा होता, खूण आली नाही तर शांतता. पण बिनतारी खुणा कधी उशिरा येतात, कधी वाटेत हरवतात. पहिल्याच दिवशी श्रेणिकनं निपाणीला बहिणीला फोन केला आणि "ता… कशी आ…" एवढंच तिकडं पोचलं. तो रडतोय असं वाटून ती रडायला लागली. मंडईत भाजीवाली त्याच्याकडं न बघता पद्मजालाच विचारू लागली, दादांना काय पायजे म्हणून, जसं काही लहान पोराला आणलंय. त्यानं डबी कपाटात ठेवून दिली आणि पुन्हा पाटी हातात घेतली.

तेव्हा पद्मजानं दोन नियम बदलले. एक, खूण आली नाही म्हणजे माणूस थांबला असं समजायचं नाही. पट्टीनं "थांबलो" अशी खूण स्वतःहून पाठवली तरच थांबायचं, तोवर पुढचं अंदाजानं बोलत राहायचं. आणि दोन, सुरुवातीला ताटकळायचं नाही. समोरच्याचा प्रश्न संपला की लोक उत्तरासाठी पापणी लवायच्या आत अस्वस्थ होतात, म्हणून डबीनं कान देऊन प्रश्न ऐकायचा, उत्तराची सुरुवात आपणच करायची आणि मागून आलेल्या खुणांनी ती पुढं चालवायची. प्रॉम्प्टरच्या हाताला दुसरं काय सुचणार होतं? विंगेत उभा जन्म गेला तो शांतता भरण्यात.

अंदाज करायचा तर माणूस कसा बोलतो ते डबीला शिकवायला हवं. श्रेणिकची ध्वनिमुद्रणं होती ती सगळी नाटकांची, त्यातून फार तर राजे आणि दारुडे बोलले असते. म्हणून पद्मजा संध्याकाळी बसून घरातली वाक्यं टाइप करायची, तो बोलला असता तशी. भाकरी बघ, करपेल. घेतली की. ताईचे गुडघे दुखतात. हजारो वाक्यं झाली. त्या संध्याकाळी तिला फार बरं वाटायचं, तो शेजारी बसून बोलतोय असंच वाटायचं.

नवी डबी लावून तो मंडईत गेला आणि भाजीवालीशी घासाघीस करून आला. त्याला आता वर्ष झालं, आणि कंपनीनं पुढं इतर रुग्णांसाठी काढलेल्या सगळ्या डब्यांतही तोच लूप घातला.

बाथरूमचं दार उघडलं. गळ्याच्या छिद्रात पाणी जाऊ नये म्हणून श्रेणिक सावकाश अंघोळ करायचा. पंच्यानं मान पुसत तो बाहेर आला, बायकोला ताट घेऊन उभी बघून त्यानं भुवया उंचावल्या. मग पट्टी गळ्याला चिकटवली, डबी छातीवर लटकवली.

"काय झालं? भूत बघितल्यागत काय उभी आहेस?"

पद्मजा आज त्याच्या डोळ्यांकडं न बघता ओठांकडं बघत होती. आवाज आधी आला. ओठ मागून हलले, केसभरच मागून. जिनं उभं आयुष्य मिलिसेकंद मोजण्यात घालवलं तिलाच दिसावं एवढंसं अंतर, पण वर्षभर तिनं ते बघितलं नव्हतं, कारण ती त्याचे डोळे बघत होती.

तिनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "गोळी घेतलीस?"

"घेतली की," आवाज म्हणाला.

श्रेणिकची नजर वाटीकडं गेली. गोळी तिथंच होती. तो ओशाळला, पुढं होऊन त्यानं गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायला. घोट गळ्याखाली उतरत असतानाच त्याच्या छातीवरची डबी म्हणाली, "झालं ना समाधान?"

घोट घेताना माणसाला बोलता येत नाही. पद्मजानं ताट टीपॉयवर ठेवलं आणि ऑफिसात तातडीचं काम आहे असं सांगून ती घराबाहेर पडली. पायऱ्या उतरताना आपण पळतोय हे तिच्या उशिरा ध्यानात आलं.

डबी वापरणाऱ्यांच्या तक्रारी यास्मिन सतारमेकर बघायची. मिरजेच्या वाद्यं बनवणाऱ्या घरातली, कानाची पक्की. पद्मजानं तिला सकाळची हकिगत सांगितली. यास्मिननं ती शांतपणे ऐकून घेतली आणि टेबलावर एक डबी ठेवून, पट्टी काढून, तिच्याशी गप्पा मारून दाखवल्या. कारण उघड होतं. एरवी श्रेणिक डबी बंद करून मगच पट्टी काढायचा, आज विसरला होता. पट्टी काढली की "थांबलो" ही खूण पाठवायला कुणी उरतच नाही, मग लूप थांबणार कसा? वाढपी दारात डोकावतो, आत कुणी नाही, पण पंगत बसलेली आहे. तो वाढत राहतो. एका ओळीची दुरुस्ती आहे, यास्मिन म्हणाली.

पण पद्मजाला ती एक ओळ छळत नव्हती. पट्टी गळ्यावर असतानाचं काय, असं तिनं विचारलं. तक्रारी किती आल्या?

यास्मिननं स्क्रीनवर यादी उघडली. तक्रार एकही नव्हती. घरचे लोक तर फारच खूश होते. आमचे बाबा आता चिडचिड करत नाहीत, पूर्वीपेक्षा गोड बोलतात, असं लिहून पाठवायचे. प्रत्येक डबीत घरगुती वाक्यं भरून द्यायचं काम कंपनीनं घरच्यांवरच सोपवलं होतं, आणि आपल्या बापाच्या तोंडी राग कोण कशाला लिहील?

"आमच्या मामूंना पण दिलीय डबी," यास्मिन आवाज खाली आणून म्हणाली. "आधी ओठ हलवायचे. हल्ली तेही सोडलंय. डबी बोलते, ते बसून ऐकतात. परवा मी विचारलं, मामू, बरे आहात ना? डबी म्हणाली, मस्त. आणि मामूंनी मान डोलावली, दुसऱ्या कुणाबद्दल ऐकल्यासारखी."

मग तिनं आणखी एक सांगितलं, आणि ते सांगताना ती पद्मजाकडं बघत नव्हती. श्रेणिकच्या सोमवारच्या ऑपरेशनकडं कंपनीच्या साहेबांचं लक्ष होतं. या ऑपरेशनात जीभ बरीचशी जाणार, म्हणजे पट्टीला टिपायला फारसं काही उरणार नाही. तरी आवाज अखंड चालू राहील, अडखळणारसुद्धा नाही. एवढं जमलं तर ही डबी कुणालाही लावता येईल, अंथरुणाला खिळलेल्या, शुद्धीवर नसलेल्या माणसालाही, असं साहेब सगळ्यांना सांगत होते.

परतीच्या बसमध्ये पद्मजाला जागा मिळाली तरी ती उभीच राहिली. तिच्या डोळ्यांपुढं डॉक्टर इनामदारांची खोली येत होती. जिभेच्या मुळाशी पुन्हा गाठ दिसली होती. डॉक्टरांनी काही हातचं न राखता सांगितलं, ऑपरेशन केलं तर वाचण्याची शक्यता निम्मी, पण जीभ जाईल, गिळणं नळीवर येईल. नाही केलं तर औषधांवर काही काळ निघेल, किती ते सांगता येणार नाही. काय करायचं मगदूम सर, असं त्यांनी विचारलं होतं. त्यांचा प्रश्न पुरता संपलाही नव्हता तोवर उत्तर आलं होतं, "करू या की. लढायचं आपण."

केवढा धीराचा माणूस, असं वाटून तिचे डोळे भरून आले होते. आता तिला आठवलं, त्या वेळी त्याला खोकला आला होता. रुमाल गळ्याच्या छिद्रावर दाबलेला होता आणि ओठ मिटलेले होते. रुमाल खाली आल्यावर त्यानं आधी तिच्याकडं पाहिलं होतं आणि मग मान डोलावली होती.

"लढायचं आपण." हे वाक्य तिनं लिहिलं होतं.

मग एकामागून एक आठवत गेलं. लग्नाच्या वाढदिवसाला तो म्हणाला होता, तू आहेस म्हणून मी आहे. पंचवीस वर्षांत त्यानं असलं काही कधी म्हटलं नव्हतं. ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती. ते वाक्य तिनं एका संध्याकाळी थट्टेनं टाइप केलं होतं, म्हणेल तरी एकदा म्हणून. वर्षभर आपण कुणाशी बोललो, कुणाच्या शेजारी जेवलो? कुणी आपली समजूत काढली? तिला नवऱ्याची भीती वाटली नाही, डबीचीही नाही. तिला भीती वाटली ती याची, की घरात एक माणूस वर्षभर गप्प बसलाय आणि आपल्याला पत्ताच नाही.

दुपारी तिनं श्रेणिकच्या गळ्यातली डबी स्वतःच्या हातानं काढली आणि बंद केली. माळ्यावरून पाटी काढून, पुसून त्याच्यापुढं ठेवली. त्यानं काही विचारलं नाही. याचाच तिला धसका बसला. जणू आज ना उद्या हे व्हायचंच होतं.

"डॉक्टरांना हो कुणी म्हटलं, श्रेणिक?"

त्यानं खडू हातात धरला, थोडा वेळ तो बोटांत फिरवला आणि लिहिलं, "तूच की."

"मी एक अक्षर बोलले नव्हते."

त्यानं ते पुसून सावकाश लिहिलं. डबी तू लिहिलेलंच बोलते ना? मग तूच. मला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. विंगेतून आल्यासारखं ऐकू येतं, तुझं वाक्य आहे हे ओळखता येतं. तू दिलंस, मी उचललं.

त्याच्यावर ओरडावं, मग इतके दिवस सांगितलं का नाहीस असं विचारावं, असं तिला फार वाटलं. पण त्याचं उत्तर तिला ठाऊक होतं. जिवंत बापाला तोंडावर मेलेला म्हणताना ज्यानं क्षणभर विचार केला नाही, तो आपल्या जिवाच्या बाबतीत तरी कसा करील? तिनं वाक्य दिलं म्हणजे ते बरोबरच असणार, पानं उलटताना चूक झाली असली तरी.

"मग तुझ्या मनात काय आहे? करायचं की नाही?"

खडू पाटीवर टेकला आणि तिथंच राहिला. मग त्यानं दोन शब्द लिहिले. "तू सांग."

तिच्या तोंडात उत्तर तयार होतं. कर. कसाही राहा, नळीवर राहा, मुका राहा, पण राहा. हे तिनं आत्ता म्हटलं असतं तर त्यानं ते उचललं असतं, सोमवारी टेबलावर जाऊन निजला असता आणि पुढं घरात ती बोलली असती आणि तिनंच उत्तरं दिली असती. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ उघडा सोडून रडली.

संध्याकाळ व्हायच्या आत तिनं श्रेणिकच्या डबीतल्या लूपमधले दोन्ही नियम काढून टाकले. अंदाज नाही, आपणहून सुरुवात नाही, घरातली हजारो वाक्यं पुसली. खूण आली तर आवाज, नाही आली तर काही नाही, मग शब्द तुटो की फुटो. साहेबांना कळलं तर नोकरी जाईल हे तिला दिसत होतं आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं. तिनं डॉक्टर इनामदारांना फोन करून दुसऱ्या दिवशीची वेळ मागून घेतली.

डॉक्टर बुचकळ्यात पडले होते. कागदांवर सह्या झाल्या होत्या, टेबल राखून ठेवलं होतं. पण पद्मजानं हात जोडले तेव्हा त्यांनी चष्मा नीट केला आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं, निम्मी शक्यता, जीभ, नळी, औषधं. मग ते श्रेणिककडं वळले. "बोला मगदूम सर. काय करायचं?"

खोलीत शांतता झाली.

डबीतून काहीही आलं नाही. इतकी मोठी शांतता पद्मजानं रंगभूमीवर कधी खपवून घेतली नव्हती. हा मुद्दाम थांबलाय की अडलाय? तिला कळेना. आयुष्यात पहिल्यांदा तिला ते ओळखता येईना. डॉक्टर खुर्चीत चुळबुळले, त्यांनी पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

आणि तिच्या ध्यानात आलं, श्रेणिक डॉक्टरांकडं बघत नव्हता. तो तिच्या ओठांकडं बघत होता. ओठ मिटलेले आहेत असं तिला वाटत होतं. ते मिटलेले नव्हते. ते उघडून "हो"च्या आकारात आलेले होते.

त्याच्या जबड्याखालची पट्टी किंचित हलली. त्याचे ओठ तिच्या ओठांसारखे गोल होऊ लागले.

पद्मजा ताडकन उठली. "मी बाहेर थांबते," एवढंच बोलून, मागं न बघता, ती दारापर्यंत गेली आणि बाहेर पडली. बाहेर ती बाकावर बसली. दार आपोआप मिटणारं होतं पण पुरतं मिटलं नाही, बोटभर फट राहिली. आपण उठून ते लोटून घ्यावं असं तिला वाटलं. ती उठली नाही.

आतून कितीतरी वेळ काही आलं नाही. मग टक्. पुन्हा टक्. मग त्याचा आवाज, फाटका, मधे मधे भोकं पडलेला.

"न… को."

पद्मजानं डोळे मिटले. डॉक्टरांनी हळू आवाजात काही विचारलं, का ते विचारलं असावं. औषधांनी फार काळ निघणार नाही, हेही त्यांनी पुन्हा सांगितलं. टक् झालं. शांतता. आणखी एकदा टक्.

"भी… ती वा… टते."

हजारो वाक्यं तिनं त्याच्यासाठी लिहिली होती. थट्टेची, रुसव्याची, प्रेमाची, धीराची. हे वाक्य तिनं एकदाही लिहिलं नव्हतं. स्वरयंत्र काढायला नेलं तेव्हापासून ते त्याच्या जवळ असणार, आणि वर्षभर घरात तो छान छान बोलत होता.

आत डॉक्टर खुर्ची सरकवून उठले, बहुतेक त्याच्या खांद्यावर हात ठेवायला. सोमवारचं रद्द करतो असं ते म्हणाले. मग पुन्हा ती तुटकी, ओढून आणलेली अक्षरं आली, आणि या वेळी ती मोजकीच होती.

"हि… ला… सां… गू नका."

थोड्या वेळानं श्रेणिक बाहेर आला आणि तिच्या शेजारी बाकावर बसला. त्याच्या कपाळावर घाम होता. समोरून एक नर्स औषधांचा ट्रे घेऊन गेली, लिफ्टचं दार उघडून मिटलं. काय ठरलं, असं विचारायला पद्मजाची जीभ वळवळत होती. त्याच्या वतीनं म्हणायची चार वाक्यं तिच्या तोंडाशी आली होती, चारही धीराची. तिलाही भीती वाटत होती, आणि तिनंही ते वर्षभरात त्याला कधी सांगितलं नव्हतं.

त्याचा जबडा हलला. डबीत टक् असा आवाज झाला आणि पुढं काही आलं नाही. पद्मजानं आपले ओठ दातांखाली घट्ट धरले, त्याचा हात हातात घेतला आणि त्याला आपलं तोंड दिसू नये म्हणून मान वळवून भिंतीकडं बघत ती बसून राहिली.